दातांच्या नावावर

लाळेरी वाळत घालून घालून दोरी भरली. बाळाच्या हनुवटीवर बारीक पुरळ, मूठ सतत तोंडात आणि कडेवर घेतलं की माझ्या खांद्याचा चावा. खालच्या हिरडीवरून बोट फिरवलं तर मधोमध टणक, फुगीर लागतं. दात अजून दिसत नाही. साधारण सहाव्या महिन्यात खालचे पुढचे दोन आधी येतात. वरचे आधी आले तर म्हणे मामाला वाईट! आमचा मामा सुटला.

सासूबाईंचं पालुपद एकच: ताप, जुलाब, सगळं दातांमुळे. मला ते पटत नाही. या वयात आईकडून मिळालेली प्रतिकारशक्ती ओसरत असते आणि बाळ दिसेल ते तोंडात घालतं. पोट बिघडतं ते त्यातून गेलेल्या जंतूंनी. दातांनी अंग फार तर किंचित कोमट लागतं.

फ्रिजमध्ये गार केलेलं स्वच्छ ओलं फडकं चघळायला दिलं की स्वारी खूश. हिरडी बधिर करणारं जेल मात्र नको. त्यातलं बेंझोकेन दोन वर्षांखालच्या मुलांना घातक ठरू शकतं. आणि ताप १००.४ फॅरनहाइटवर गेला किंवा जुलाब लागले, तर दातांवर ढकलू नका. जुलाबात ओआरएस द्या आणि लगेच डॉक्टरांना दाखवा.