तारा गेल्या, तोंड उघडलं

आमच्या शिकण्याच्या काळात जबडा मोडलेला पेशंट वॉर्डात लांबूनच ओळखू यायचा. बिचारा दात आवळूनच बोलायचा. वरच्या-खालच्या दातांच्या ओळींना आर्च बार म्हणजे धातूच्या दांड्या बसवायच्या, स्टीलच्या तारांनी तोंड बंद करायचं आणि चार ते सहा आठवडे हाड जुळायची वाट बघायची. तोवर शेवटच्या दाढेमागच्या फटीतून नळीने पेज, दूध आणि गाळलेलं वरण. तारा सुटेपर्यंत धडधाकट माणूसही सुकून जायचा. उलटी झाली तर जीव गुदमरू नये म्हणून तारा कापायची कात्री उशाशीच असायची. रात्रपाळीची सिस्टर आल्या आल्या आधी ती जागेवर आहे ना, ते बघायची.

आता ऑपरेशननंतर थोड्याच दिवसांत पेशंट चमच्याने मऊ भात खातो. त्याचं बरंच श्रेय स्ट्रासबर्गचे सर्जन माक्सिम शाँपी यांना. चावताना मोडलेल्या जबड्याची वरची कड फाकते आणि खालची दाबली जाते. म्हणून 1970 च्या दशकात त्यांनी मोडलेलं हाड स्क्रूने जोडणारी लहानशी धातूची पट्टी नेमकी कुठे बसवायची, त्या रेषा आखून दिल्या. हनुवटीपाशी जबडा पिळलाही जातो, म्हणून तिथे दोन पट्ट्या. बहुतेक वेळा हे सगळं तोंडाच्या आतूनच होतं, गालावर व्रण राहत नाही.

पट्ट्यांची परीक्षाही बदलली. पूर्वी मृतदेहांचे किंवा मेंढीचे जबडे घ्यायचे. प्रत्येक हाड वेगळं, तुलना अवघड. आता पॉलियुरेथेनचे एकसारखे जबडे करवतीने कापतात, पट्टी-स्क्रू लावून यंत्रात धरतात आणि दातांवर भार वाढवत नेतात. किती न्यूटनला फट किती मिलिमीटर उघडली, ते आलेखावर उमटतं.

तरी यंत्राचा शब्द शेवटचा नव्हे. जबड्याच्या कोनातल्या फ्रॅक्चरला यंत्रावर दोन पट्ट्या जास्त घट्ट ठरतात. पण 1990 च्या दशकात डॅलसचे सर्जन एडवर्ड एलिस यांना एकाच पट्टीच्या पेशंटांमध्ये गुंतागुंत कमी दिसली. शिवाय जबडा मोडलेला माणूस पहिले काही आठवडे पूर्ण जोर लावून चावतच नाही.

त्या तारांचे दिवस परत यावेत, असं मला मुळीच वाटत नाही. पण रोज पेशंटजवळ बसून त्याचे दात नीट जुळतात का, हे बघायची तेव्हाची सवय नव्या डॉक्टरांनी सोडू नये.