दशी, कातरण, चिंधी

सोलापूरच्या साखर पेठेतून पूर्व भागात शिरलं की आधी मागांचा खडखडाट कानावर येतो आणि मग हळूहळू सूत दिसायला लागतं. गटाराच्या काठाला अडकलेलं, सायकलच्या आऱ्यांना गुंडाळलेलं, तुळशीच्या कुंडीवर उडून बसलेलं. लाल, हिरवं, मोरपंखी. शाळेतून घरी निघालेली एखादी पोर ते चालता चालता उचलते, बोटाभोवती गुंडाळत जाते, आणि दारात पोचेपर्यंत तिच्या मुठीत एका राखीपुरता ऐवज जमलेला असतो. राखीपौर्णिमा ही इथल्या पद्मशाली विणकरांची मोठी पौर्णिमा. त्या दिवशी मार्कंडेय महामुनींचा रथ निघतो आणि गल्ल्यागल्ल्यांतून सुताचं कौतुक होतं.

हातानं काही करायचं तर आधी दुकान गाठायचं, असं आता सगळीकडे झालं आहे. शाळेच्या कार्यानुभवाच्या तासालाही तयार पाकीट लागतं: चार रंगांचे चकचकीत कागद, दोन पिसं, डिंकाची बाटली. ज्या घरात आई विड्या वळते तिथं हा खर्च जाणवतो. विडीची मजुरी हजारावर मिळते. कागदाच्या पाकिटाची किंमत त्या घरात रुपयांत मोजतच नाहीत, ती विड्यांत मोजली जाते. म्हणूनच या गावानं साहित्य मिळवण्याची आपली वेगळी वाट पाडली आहे. ती दुकानातून जात नाही. जिथं काम चालतं त्या उंबऱ्यावरून जाते.

सोलापूरची पहिली कापडगिरणी 1877 साली सुरू झाली. लोक तिला अजून जुनी गिरणीच म्हणतात. पाठोपाठ नरसिंग गिरजी, लक्ष्मी, विष्णू, जाम अशा गिरण्या उभ्या राहिल्या आणि भोंग्यावर गावाचं घड्याळ लागलं. गिरण्या पुढे एकेक करून थंडावल्या, पण माग थांबले नाहीत. ते शेडमध्ये गेले, घराच्या पुढच्या खोलीत गेले. तिथं विणली जाणारी चादर आणि टॉवेल, दोन्हींना सोलापूरच्या नावानं भौगोलिक मानांकन आहे. जिथं एवढं कापड विणलं जातं, कापलं जातं, शिवलं जातं, तिथं उरतंही भरपूर.

या उरलेल्याला मराठीत किती नावं आहेत! कापडाच्या टोकाला सुटलेला धागा म्हणजे दशी. शिंप्याच्या कात्रीखाली पडलेलं ते कातरण. हाताच्या पंज्याएवढी ती चिंधी. भोक झाकायला लावलं की ठिगळ, पुसायला घेतलं की फडकं, गोळा करून कोंबलं की बोळा, आणि अगदीच विटलं की चिरगूट. ज्या समाजानं कापड शेवटच्या धाग्यापर्यंत वापरलं त्याच्याच भाषेत अशी उतरंड सापडते. त्यातली चिंधी तर थेट सरकारदरबारी पोचली: कापडावरच्या अबकारी कराच्या इंग्रजी कागदपत्रांत फेंट्स आणि रॅग्जच्या शेजारी ‘चिंदीज’ हा शब्द इंग्रजी अनेकवचन घेऊन बसलेला आहे. आणि त्याच भाषेत क्षुद्र माणसाला चिंधीचोर म्हणतात, हे मात्र खुपतं. चिंधी उचलून जपणारी बाई क्षुद्र नसते.

नव्या मागांनी तर एक नवीनच वस्तू या गावाला दिली. जुन्या यंत्रमागावर धोटा एका काठाकडून दुसऱ्याकडे जातो आणि तोच आडवा धागा घेऊन परत येतो. त्यामुळे काठ आपोआप बंद होतो. रॅपिअर मागावर धोटा नसतो. तिथं प्रत्येक आडवा धागा स्वतंत्र ओढला जातो आणि कडेला तोडला जातो. त्या सुट्या टोकांना धरून ठेवायला कापडाच्या बाहेर आणखी चारदोन उभे धागे चालू ठेवतात आणि मागाची कात्री ही जादा कड सतत कापत राहते. कापलेली कड मागाच्या बाजूला खाली उतरत राहते, न तुटता, माग चालू असेल तोवर. हातात घेऊन पाहिली तर मधोमध पीळदार कणा आणि त्याला बोटभर लांबीची मऊ झालर. मोराच्या पिसाचा देठ दिसावा तशी. ज्या रंगाचं सूत त्या दिवशी मागावर असेल त्या रंगाची. कारखान्याच्या हिशेबात ही ‘वेस्ट’. पण तिचे तीन पदर घेऊन वेणी घातली, ती वेणी चपटी गुंडाळत नेली आणि दाभणानं शिवली की जाड, पाणी शोषणारं पायपुसणं तयार होतं. वेणी न घालता नुसती गुंडाळली तर बाहुलीचे केस होतात. बैलाच्या गळ्यातला गोंडाही होतो.

पुठ्ठ्याचे कोन ही दुसरी दौलत. सूत कोनावर गुंडाळून येतं. सूत संपलं की कोन उरतो, टोकाशी निमुळता, हाताला गुळगुळीत. नाटकातल्या राजाचा मुकुट, गणपतीच्या मखराचा कळस, किल्ल्याचा बुरूज, सगळं त्याच्यातून निघतं. दिवाळीचा किल्ला करणाऱ्या पोरांना इथं बुरुजांची कधी टंचाई पडत नाही.

आणि जकार्डची पत्ती! चादरीवरचा मोर, फूल, नक्षी ज्या यंत्रानं उमटते ते फ्रान्समधल्या ल्यों शहराच्या जोसेफ मारी जकार्डनं 1804 च्या सुमारास घडवलं. पुठ्ठ्याच्या पत्त्यांना भोकं पाडायची, पत्त्या दोऱ्यानं ओवून साखळी करायची. भोक असेल तिथं धागा उचलला जातो, नसेल तिथं खाली राहतो. याच पद्धतीनं 1839 मध्ये ल्योंमध्ये खुद्द जकार्डचं चित्र रेशमात विणलं गेलं. त्याला 24,000 पत्त्या लागल्या होत्या. त्या चित्राची एक प्रत इंग्रज गणिती चार्ल्स बॅबेजनं मिळवून जपून ठेवली. आपल्या गणनयंत्रासाठी भोकांच्या पत्त्यांची कल्पना त्यानं त्याआधीच जकार्डच्या मागावरून उचलली होती. आता नक्षी संगणकावरून थेट मागावर उतरवता येते, म्हणून पुठ्ठ्याच्या जुन्या माळा अडगळीत जातात. त्यातली एक पत्ती खिडकीशी धरून पाहावी: भिंतीवर उन्हाचे ठिपके पडतात, रांगेत, मध्येच गाळलेले. कधीतरी विणल्या गेलेल्या एका चादरीची एक ओळ असते ती. पुठ्ठा इतका चिवट असतो की त्याच्यावर वहीची बांधणी होते, आणि भोकांतून लोकर ओवायला मुलांना वेगळं काही शिकवावं लागत नाही.

चिकटवायला डिंकाची बाटली लागत नाही, खळ पुरते. मैदा गार पाण्यात गुठळी न राहू देता कालवायचा, मंद आचेवर ढवळत राहायचं, पारदर्शक झाला की उतरवायचा. बुकबाइंडर त्यात चिमूटभर मोरचूद टाकतात, कसर लागू नये म्हणून. मोरचूद विषारी असतं, मुलांच्या खळीत ते घालायचं नसतं. मागावर चढवण्याआधी ताण्याच्या सुतालाही खळच देतात, त्यामुळे हा शब्द इथल्या घरांत स्वयंपाकघरापेक्षा कारखान्यातून अधिक आलेला असतो.

विज्ञानाची खेळणी करणाऱ्या अरविंद गुप्तांनी जे देशभर दाखवलं त्याची सामग्रीही अशीच उंबऱ्यावरची होती. 1970 च्या दशकाच्या अखेरीस होशंगाबादच्या विज्ञान शिक्षण कार्यक्रमात काम करताना त्यांनी आगकाडी आणि सायकलच्या व्हॉल्व्हची बारीक रबरी नळी यांची जोडणी बसवली आणि त्यातून त्रिकोण, घनाकृती, घरं उभी राहिली. पुढे पुण्यात आयुका या खगोलविज्ञान संस्थेच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी वर्षानुवर्षं टाकाऊतून खेळणी केली. सोलापुरात तर पंक्चरच्या दुकानाला तोटा नाही. कामगारांचं गाव, सायकलींचं गाव.

पण या गावाचं खरं कसब गोधडीत आहे.

सोलापूर हे शालेय गणवेश शिवणारंही गाव आहे. जूनमध्ये शाळा उघडतात, म्हणून उन्हाळाभर इथली शिलाई यंत्रं धावत असतात आणि कापणीच्या टेबलाखाली कातरणाचे ढीग चढतात: गडद निळं, खाकी, मरून, पांढरं, बारीक चौकड्याचं. बाहेर ऊन चाळिशीच्या वर, आत पंख्याच्या वाऱ्यानं चिंध्या उडू नयेत म्हणून त्यांच्यावर वीट ठेवलेली. त्या मोसमात जी गोधडी शिवायला घेतात तिचे रंग शाळांनी ठरवलेले असतात. असंच अमेरिकेतही घडलं: तिथल्या अलाबामा राज्यात जीज बेंड नावाची काळ्या शेतमजुरांची वस्ती आहे. तिथल्या बायकांना 1972 मध्ये सिअर्स या मोठ्या कंपनीसाठी कॉर्डरॉयच्या उशांचे अभ्रे शिवायचं काम मिळालं आणि उरलेल्या कॉर्डरॉयच्या पट्ट्या घरोघर रजयांत गेल्या. 2002 मध्ये न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात वस्तीतल्या रजया भिंतीवर टांगल्या गेल्या तेव्हा लोक रांगा लावून बघायला आले. साखर पेठेतल्या बाईला त्यातली एखादी रजई दाखवली तर ती पहिल्यांदा टाके मोजेल.

टाका धावदोऱ्याचाच. खाली जुनं लुगडं किंवा विरलेली चादर अंथरायची, चारी कोपऱ्यांवर वजन ठेवायचं. वर चिंध्या लावत जायच्या, मोठ्या आधी, मग फटींत लहान. कडेनं शिवायला सुरुवात करायची आणि चौकोनात चौकोन घालत मध्याकडे यायचं, म्हणजे कापड सरकत नाही, चुण्या पडत नाहीत. दुपारी दोघीतिघी समोरासमोर बसल्या तर काम भराभर उरकतं. मराठी घरात ती गोधडी, कुठं वाकळ. शेजारच्या कन्नड घरात तीच कौदी. समोरच्या तेलुगू घरात बोंत. चिंध्या मागताना मात्र हाक एकच चालते: “अक्का, उरलंय का काही?” अक्का हा शब्द तिन्ही भाषांत खपून जातो.

याच जिल्ह्यात पंढरपूर आहे, जिथं वारकऱ्यांसाठी धर्मशाळा बांधणारे गाडगेबाबा ठिगळांचाच अंगरखा घालत आले. काही लोक त्यांना गोधडे महाराज म्हणत. धर्मशाळांसाठी लाखांच्या देणग्या ज्यांच्या शब्दावर जमल्या त्यांच्या अंगावर चिंध्याच राहिल्या.

फुकट म्हणावं तर या चिंध्यांना मालक असतातच. कारखान्याची वेस्ट किलोवर विकली जाते. गॅरेजवाले आणि छापखानेवाले यंत्र पुसायला ती घेतात. घरातल्या जुन्या साडीवर बोहारणीचा डोळा असतो, कारण तिच्या बदल्यात स्टीलचं पातेलं द्यायचं असतं. टेबलाखालच्या कातरणावर झाडणाऱ्या बाईचा पहिला हक्क, हे कुठं लिहिलेलं नसलं तरी शेडमध्ये सगळ्यांना ठाऊक असतं. म्हणून हौसेखातर जाणाऱ्यानं पोतं भरून उचलू नये. आधी तिला विचारावं, चार पैसे द्यावेत, आणि निवडताना तिच्या उपयोगाचे मोठे तुकडे बाजूला ठेवावेत. वेणीला, बाहुलीला, राखीला बारीक तुकडेच लागतात. गोधडीला इतके बारीक चालत नाहीत. दोघांचंही भागतं.

पावसाची उघडीप झाली की गोधड्या धुऊन पत्र्यावर वाळत पडतात. ओल्या गोधडीचं वजन दोघींना मिळून पेलावं लागतं. जवळ जाऊन पाहिलं तर एका कडेला खाकी दिसतं, मग निळा, मग चौकडा. आणि बरोबर मधोमध, जिथं शेवटचा टाका पडला, तिथं टॉवेलचा एक लाल तुकडा, अजून दशा सुटलेला.