कर्नलसाहेब आणि डेडस्टॉक रजिस्टर

सर्वात आधी एक खुलासा. माझं दहावीपर्यंतचं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालंय. तिथे मराठी म्हणजे आठवड्यातले चार तास आणि परीक्षेच्या आदल्या रात्री पाठ केलेला 'पावसाळ्यातील एक दिवस'. त्यामुळे मराठी विभागाच्या संपादिकेने माझ्याकडे लेख मागितला तेव्हा माझ्या रूममेट्स आधी पोटभर हसल्या. पण या वर्षी मी जे काम केलं त्यातलं निम्मं मराठीतच झालंय. इंग्लिश विभागात दिलं असतं तर सगळी मजा गेली असती. शुद्धलेखन तेवढं सांभाळून घ्या!

विषय आहे कर्नेल. म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा. आपले प्रोग्रॅम आणि हार्डवेअर यांच्या मध्ये तो बसलेला असतो. कुणाला किती मेमरी द्यायची, प्रोसेसरवर कुणाचा नंबर कधी, डिस्कवरून काय आणायचं, सगळं त्याच्या हातात. लिनक्सच्या कर्नेलचा सोर्स कोड कुणालाही मिळतो आणि कंपाईल करायच्या आधी त्यात काय असावं, काय नसावं हे आपण ठरवू शकतो. असे ऑप्शन्स आहेत दहा हजारांहून जास्त! बहुतेकांना तीनच उत्तरं. वाय म्हणजे गाभ्यातच घे. एम म्हणजे मोड्यूल करून बाजूला ठेव, लागलं तर बोलावू. एन म्हणजे नको.

आता तुम्ही म्हणाल, एवढा उपद्व्याप कशाला? लिनक्स तर तयार मिळतं. मिळतं ना. पण तयार कर्नेल म्हणजे रेडिमेड ड्रेस. तो कुणाच्या अंगावर जाणार हे शिवणाऱ्याला माहीत नसतं. म्हणून तो सगळ्यालाच हो म्हणतो. वायफाय? असू दे. टीव्ही कार्ड? असू दे. ज्या कंपन्या बंद पडल्या त्यांची कार्डं? तीही असू देत. चांगल्या लॅपटॉपला या ढगळपणाचं काही वाटत नाही. पण ज्या मशीन्ससाठी आम्ही हे केलं त्यांना वाटतं.

त्या मशीन्स म्हणजे आपल्या जुन्या लॅबमधले बारा पीसी. पेन्टियम ४, २.८ गिगाहर्ट्झ, ५१२ एमबी रॅम, खरेदी २००४. म्हणजे वयाने माझ्याहून मोठे! कोपऱ्यात प्लास्टिक पांघरून बसलेले, निर्लेखनाची वाट बघत. हा शब्द मला लॅबमधल्या मामांनी शिकवला. मी म्हटलं, "मामा, निर्लेखन म्हणजे?" ते म्हणाले, "राइट-ऑफ गं. एवढं इंग्लिश शाळेत शिकलीस, काय उपयोग!"

पीसी हवे होते ते मुलींच्या हॉस्टेलच्या अभ्यासिकेसाठी. कारण सांगते. आमचा इन-टाईम आठचा, मुलांचा साडेदहाचा. लॅब रात्री दहापर्यंत उघडी असते, पण आमच्यासाठी ती पावणेआठलाच संपते. ज्यांच्याकडे लॅपटॉप आहे त्यांचं भागतं. फर्स्ट इयरच्या सगळ्यांकडे नाहीये. माझ्या मजल्यावरची एक ज्युनिअर सीचे प्रोग्रॅम मोबाइलवर अंगठ्याने टाइप करते. कंस शोधायला तीन वेळा कीबोर्ड बदलायचा. आणि प्रॅक्टिकलच्या परीक्षेत हिला खऱ्या कीबोर्डवर बसवणार, घड्याळ लावून. त्यांना काही फार नको होतं. एक काळा पडदा, एक एडिटर, एक कंपायलर. त्याला पेन्टियम ४ भरपूर झाला.

रेक्टर मॅडमचा प्रश्न रास्त होता. वीज किती जाईल? खोटं कशाला बोला, हे प्रोसेसर खादाड आहेत. तो एकटाच कामात असला की सत्तर वॅटच्या आसपास घेतो. शेवटी ठरलं की रात्री आठ ते साडेदहा एवढंच चालवायचं, आणि पंधरा दिवसांत चालू करून दाखवायचे. नाहीतर सुट्टीत भंगारवाला.

सिस्टीम कुठली टाकायची हा दुसरा प्रश्न. हे पीसी ३२ बिटचे. जग त्यांना मागे टाकून पुढे गेलंय. उबंटूने ३२ बिटची डेस्कटॉप आवृत्ती २०१७ मध्येच बंद केली. डेबियन बरीच वर्षं थांबलं, पण ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ मध्ये अशा पीसींसाठी ना इन्स्टॉलर आहे ना कर्नेल. म्हणून आम्ही डेबियन १२ घेतलं आणि त्याच्याच मालिकेतला ६.१ चा कर्नेल स्वतः बांधायचं ठरवलं.

बांधला माझ्या लॅपटॉपवर. त्या बिचाऱ्या पीसींवर बांधत बसलो असतो तर रात्री सरल्या असत्या. पण लॅपटॉप ६४ बिटचा, त्यामुळे त्याला आधीच बजावावं लागतं की बाळा, हे तुझ्यासाठी नाही. त्यासाठी आर्च नावाचा व्हेरिएबल असतो, आर्किटेक्चरमधला आर्च. त्यात लिहायचं आय३८६. दोन्ही प्रोसेसर एकाच घराण्यातले, म्हणून कंपायलर तोच चालतो. रास्पबेरी पायसाठी बांधायचा असता तर एआरएमचा वेगळा क्रॉस कंपायलर लागला असता.

आता गंमत बघा. लिनस टोरवाल्ड्सने १९९१ मध्ये लिनक्स सुरू केलं ते ३८६ प्रोसेसरवर. नाव अजून आय३८६ च आहे. पण खुद्द ३८६ वर आजचा कर्नेल चालत नाही! फेब्रुवारी २०१३ मध्ये आलेल्या ३.८ व्या आवृत्तीतून ३८६ ला काढून टाकलं. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. ४८६ पासून आलेल्या काही सूचना ३८६ ला कळत नाहीत, त्यामुळे त्याच्या एकट्यासाठी वेगळी वाट सांभाळत बसावं लागत होतं. जानेवारी २०२४ च्या ६.७ मधून इटॅनियमही गेला. आणि नवे येतातही. रिस्क-फाईव्ह जानेवारी २०१८ च्या ४.१५ मध्ये आला. आयआयटी मद्रासचा शक्ती आणि ज्या सी-डॅकचं मुख्यालय पुण्यात आहे त्यांचा वेगा, हे दोन्ही त्याच घराण्यातले. म्हणजे कुठल्या प्रोसेसरला घरात ठेवायचं आणि कुणाला निरोप द्यायचा हे कर्नेलवालेसुद्धा ठरवत असतात. त्यांचंही एक निर्लेखन चालूच असतं.

असो. मेक मेन्यूकॉन्फिग म्हटलं की निळा पडदा येतो आणि परीक्षा सुरू होते. पहिला महत्त्वाचा प्रश्न प्रोसेसर फॅमिली. ४८६ पासून ॲटमपर्यंत लांबलचक यादी आहे. त्यात पेन्टियम ४ वर थांबून मदत उघडली की खाली टोपणनावं दिसतात, विलामेट, नॉर्थवूड, प्रेस्कॉट... आणि एक खूण, की सीपीयूइन्फो फाईलमध्ये फॅमिली १५ दिसली पाहिजे. आमच्या पीसींवर दिसली. हा पर्याय निवडला की कंपायलर त्या प्रोसेसरच्या सोयीच्या सूचना वापरतो आणि कॅशची ओळ १२८ बाइट धरून डेटा मांडतो.

दुसरा प्रश्न मेमरीचा. ३२ बिटमध्ये पत्ते चार जीबीपर्यंतच. त्यातला वरचा एक जीबी कर्नेल स्वतःकडे ठेवतो आणि त्यातून साधारण ८९६ एमबीपर्यंतची रॅम त्याला थेट हाताशी मिळते. त्याहून जास्त रॅम असेल तर हाय मेमरी नावाची वेगळी व्यवस्था लागते. आमची रॅम ५१२. नको! तयार कर्नेलमध्ये पीएई होतं, म्हणजे ६४ जीबीपर्यंत रॅम हाताळायची तयारी. त्यात पत्त्यांच्या तक्त्यातली प्रत्येक नोंद चारऐवजी आठ बाइटची होते. दोन खोल्यांच्या घराला वाड्याच्या चाव्या. नको! व्हर्च्युअल मशीन्स? या प्रोसेसरला ती सोयच नाही. नको! ब्लूटूथ, वायफाय, टीव्ही... नको, नको, नको.

पण एसएमपीला, म्हणजे अनेक प्रोसेसर हाताळायच्या सोयीला, हो म्हटलं. एका प्रोसेसरच्या पीसीला हे कशाला? तर या २.८ वर हायपर-थ्रेडिंग आहे, एकच कोअर पण सिस्टीमला दोन दिसतात. एसएमपी नसेल तर दुसरा दिसतच नाही. आणि डिस्कचा ड्रायव्हर व ईएक्सटी४ फाईल सिस्टीम यांना एम नाही, सरळ वाय. कारण डिस्क वाचायचा ड्रायव्हरच मोड्यूल करून डिस्कवर ठेवला तर तो वाचणार कोण? कपाटाची किल्ली कपाटात! तयार कर्नेल यासाठी बूट होताना एक छोटी तात्पुरती फाईल सिस्टीम सोबत आणतो. आम्हाला तिची गरज उरली नाही.

इथवर ऐकून वाटेल की 'नको' म्हणणं सोपं आहे. तेच सर्वात अवघड आहे. 'हो' म्हणायला काहीच माहीत असावं लागत नाही. 'नको' म्हणायला ते मशीन आतून-बाहेरून माहीत असावं लागतं.

लोकलमॉडकॉन्फिग नावाची एक सोय आहे. पीसीवर आत्ता कुठली मोड्यूल्स चालू आहेत त्यांची यादी दिली की बाकीची ती आपोआप बंद करते. एक यादी घेतली की काम झालं, असं कुणालाही वाटेल. पण मशीन फक्त आत्ताचं सांगतं. त्या क्षणी पेन ड्राइव्ह लावलेला नसेल तर तिला कसं कळणार की मुली प्रोग्रॅम पेन ड्राइव्हवर आणणार आहेत? ते माणसाने सांगायचं असतं. आणि एका पीसीचं उत्तर बाकी अकरांना लागू आहे का, हेही माणसानेच.

तो माणूस म्हणजे मामा. मी त्यांना सांगितलं, "मामा, आपण कर्नेल बदलतोय." ते म्हणाले, "कर्नल? मिलिटरीतला?" तेव्हापासून आमच्या पूर्ण प्रोजेक्टचं नाव कर्नलसाहेब. ते काही न बोलता कपाटातून डेडस्टॉक रजिस्टर घेऊन आले. लाल पाठीचं, कडा झिजलेल्या. प्रत्येक पीसीला एक ओळ आणि शेवटी शेरा नावाचा रकाना. त्यात वीस वर्षांचा इतिहास, मोडीसारख्या दिसणाऱ्या मराठी अक्षरात. माझा स्पीड मिनिटाला एक ओळ!

क्रमांक ७ पुढे लिहिलं होतं: बोर्ड जळाला, बदलला, लॅन वेगळे. आम्ही झाकण उघडलं. बाकीच्या पीसींत इंटेलचा ८६५जी चिपसेट, यात चक्क व्हायाचा बोर्ड, आणि त्यावर सेलेरॉन. म्हणजे डिस्कचा ड्रायव्हर वेगळा, नेटवर्कचा वेगळा, हायपर-थ्रेडिंग नाहीच. बाहेरून सगळे डबे जुळ्या भावांसारखे. पहिल्या पीसीच्या मापाचा कर्नेल सातव्यात टाकला असता तर डिस्क सापडली नसती आणि पॅनिकचा पडदा आला असता. ते दोन ड्रायव्हर आम्ही आधीच घेतले. डिस्कचा वाय, नेटवर्कचा एम.

मी आजवर माहिती म्हणजे इंग्लिश डॉक्युमेंटेशन असंच धरून चालले होते. या कामात ते खूप लागलं, नाकारत नाही. पेन्टियम ४ म्हणजे काय हे त्यात आहे. पण आपल्या सातव्या पेन्टियम ४ ला काय झालं हे जगात एकाच ठिकाणी लिहिलंय, मामांच्या रजिस्टरमध्ये. कुणीही त्यांना कधी विचारलं नव्हतं. मामा पुढच्या वर्षी रिटायर होतायत.

निकाल सांगते. बारापैकी तीन पीसींचे कपॅसिटर फुगलेले, त्यांना कर्नेल काय करणार! त्यांची रॅम आणि पॉवर सप्लाय बाकीच्यांच्या कामी आले. नऊ चालू झाले, सातव्यासकट. बूट होऊन लॉगिन आलं की मेमरी साधारण पन्नास एमबी वापरलेली दिसते, बाकी सगळी मुलींची. ब्राउझर चालणार नाही, सिनेमा चालणार नाही. सीचा प्रोग्रॅम एंटर मारताच कंपाईल होतो. मोबाइलवाली ज्युनिअर आता रोज आठला येऊन तीन नंबर पकडते. परवा म्हणाली, "ताई, कंस एका बोटावर आहेत हो!"

आता मुद्द्याचं. मापाने शिवलेला कपडा माप बदललं की उसवावा लागतो. उद्या एखाद्या पीसीला वेगळं कार्ड लावलं, किंवा ६.१ ची सुधारित आवृत्ती आली, की कर्नेल पुन्हा बांधायचा. ते काम दहा मिनिटांचं आहे, पण काय ठेवलं आणि काय काढलं हे माहीत असलेलं कुणीतरी हवं. आमच्या हातात अजून एक वर्ष आहे. मी एक वही केली आहे. प्रत्येक 'नको'पुढे कारण लिहिलंय, माझ्या मराठीत, आणि पीसीचे नंबर मामांच्या रजिस्टरप्रमाणेच ठेवलेत. ती अभ्यासिकेच्या कपाटात आहे. सेकंड इयरच्या दोघी-तिघी आल्या तर मामा असेपर्यंत त्यांच्यासोबत बसून रजिस्टरची उरलेली पानं वाचून काढता येतील.

कपाटाची किल्ली रेक्टर ऑफिसमध्ये आहे. कपाटात नाही!