फुकेतची हत्तीण

वर्गात 'पांढरा हत्ती पोसणे' हा वाक्प्रचार आला की मी मुलांना सयामची गोष्ट सांगते. राजाची मर्जी खप्पा झाली की तो सरदाराला पांढरा हत्ती भेट देई म्हणे. पवित्र प्राणी, कामाला जुंपता येत नाही, विकता येत नाही. त्याला खाऊ घालता घालता सरदार भिकेला लागे. दंतकथाच असेल. पण तो सयाम म्हणजे आजचा थायलंड, आणि तिथला साधा करडा हत्ती आज माणसांना पोसतो.

तिथे हत्ती पिढ्यान्‌पिढ्या जंगलात ओंडके ओढत. 1988 च्या नोव्हेंबरमध्ये दक्षिणेत पूर आला, उघड्या डोंगरांवरची माती आणि तोडलेली लाकडं गावांवर कोसळली. 1989 च्या जानेवारीत सरकारने जंगलतोड बंद केली. जंगलाचं भलं झालं, हत्ती आणि माहूत मात्र बेकार झाले. त्यातले बरेच पर्यटनाकडे वळले आणि फुकेतसारख्या बेटावरही सवारीचे कॅम्प उभे राहिले.

2024 च्या दिवाळीच्या सुट्टीत नणंदेच्या कुटुंबाबरोबर आम्ही तिथे गेलो. फुकेत आपल्या लोकांना सोयीचं: मुस्लिम वस्ती मोठी, हलाल जेवण सहज मिळतं, मशीद शोधत फिरावं लागत नाही. कॅम्पवर मी म्हटलं, मी बसणार नाही. नणंद वैतागली. "पैसे तो भर चुके ना भाभी!" ती आणि तिचा नऊ वर्षांचा मुलगा वर चढले, मी खाली बाकावर बसले.

एवढ्या मोठ्या जनावराला दोन माणसांचं काय ओझं, असं आपल्याला वाटतं. पण हत्तीची ओढण्याची ताकद वेगळी आणि पाठ वेगळी. त्याच्या मणक्यांची टोकं वरच्या बाजूला उभी असतात आणि हौदा नेमका त्यांच्यावर येतो, तोही दिवसभर, वर्षानुवर्षं. 2023 मध्ये पाई लिन नावाच्या 71 वर्षांच्या थाई हत्तिणीचा फोटो जगभर फिरला. 25 वर्षं पर्यटक वाहून तिची पाठ खचलेली दिसत होती. शिवाय हत्ती माणूस बसवून घ्यायला आपणहून तयार होत नाही. पिल्लाला आईपासून तोडून, बांधून, मारून शिकवायची जुनी पद्धत आहे, 'फाजान' म्हणतात तिला.

मदरशात अगदी सुरुवातीला पाठ होणाऱ्या सूरांमध्ये सूरह फील असते. सीरतच्या रिवायतींत अब्रहाच्या हत्तीचं वर्णन आहे: मारलं, टोचलं, तरी तो काब्याच्या दिशेने पाऊल टाकेना. लहानपणी मला त्या सैन्यापेक्षा तो बसून राहिलेला हत्तीच जास्त आवडायचा. बाकावरून पाहताना तोच आठवत होता.

शेजारी सुट्टीवरचा एक माहूत भात खात होता. मोबाइलच्या भाषांतरावर आमचं बोलणं झालं. तो उत्तरेकडचा करेन. हत्तीण त्याची नाही, मालक वेगळा, हा पगारी. कोरोनात पर्यटक बंद झाले तेव्हा त्याच्या भागातले हत्ती डोंगरातल्या गावांकडे चालत परतले होते. पण जंगलाच्या जागी मक्याची शेतं, मग हत्तीने खायचं काय? हत्तीला दिवसाला दीडशे किलोच्या आसपास चारा लागतो. लोक बसायचे थांबले तर काय करशील, मी विचारलं. पडद्यावर उत्तर उमटलं: "नुसतं बघायलाही पैसे द्या."

मला ते पटलं. 2016 पासून फुकेतच्या पाक्लोक भागात सवारी न देणारं, लांबून हत्ती दाखवणारं अभयारण्य चालू आहे. आपल्या एजंटांना आपण ते मागतच नाही. मागितलं तर 'सवारी नको, अंघोळ घाला' असा पर्याय पुढे येतो. तोही निर्धोक नाही. जानेवारी 2025 मध्ये जवळच्याच को याओ याई बेटावर अंघोळ घालताना एका स्पॅनिश तरुणीला हत्तिणीने मारलं.

नणंद जयसिंगपूरची. जुलै 2025 मध्ये शेजारच्या नांदणी मठातली महादेवी हत्तीण कोर्टाच्या हुकमाने जामनगरला नेली, तेव्हा सगळा तालुका रडला. हिचाही फोन आला, आवाज बसलेला. तीस वर्षांहून जास्त काळ होती भाभी ती इथे, म्हणत होती. मी ऐकून घेतलं, फुकेतचा विषय काढला नाही. थोड्या वेळाने तीच म्हणाली, "वो अपनी वाली का क्या हुआ होगा?"