पत्र्याची मराठी

मराठीच्या शब्दवैभवाविषयी आपण सीमाभागातील माणसे जरा अधिकच बोलतो, आणि ते स्वाभाविकही आहे. पण त्या बोलण्यात येणारे शब्द बहुधा ठरावीक दालनांतले असतात: संतवाङ्मयातले, बखरींतले, शेतीतले, फार तर स्वयंपाकघरातले. पत्र्याच्या शेडमध्ये, वेल्डिंगच्या ठिणग्यांत आणि हातोड्याच्या आवाजात बोलली जाणारी मराठी आपल्या लेखी जणू भाषाच नसते. ते नुसते कामाचे बोलणे असते. बेळगावच्या उद्यमबागेत आयुष्यभर टेंपो आणि ट्रॉल्यांच्या बॉड्या बांधणाऱ्या माझ्या दाजींचेही स्वतःच्या बोलण्याविषयी हेच मत होते. मुलाला त्यांनी हातोडा धरू दिला नाही, शेडमध्येही फारसे फिरकू दिले नाही. इंग्रजी शाळेत घातले, अभियंता केले. ज्या बापाच्या तळहातावर पत्र्याने कापल्याच्या पंचवीस खुणा होत्या, त्याने असा विचार करावा यात नवल ते काय?

गेल्या उन्हाळ्यात मी त्या मुलाकडे, म्हणजे माझ्या भाच्याकडे, डेट्रॉईटच्या उपनगरात अडीच महिने राहून आलो. दाजी जाऊन आता सहा वर्षे झाली. भाचा दिवसभर संगणकावर मोटारीच्या भागांची रेखाटने करतो आणि संध्याकाळी गॅरेजचे दार वर ढकलून १९५१ सालच्या एका फोर्ड एफ-१ पिकअपपुढे उभा राहतो. ही गाडी त्याला ‘हॉट रॉड’ करायची आहे. वडिलांनी ज्या कामापासून त्याला इतक्या निगुतीने दूर ठेवले, ते काम तो हौसेने, पदरचे डॉलर घालून करतो आहे, हे पाहून प्रथम मला हसू आले. मग त्याने एक प्रश्न विचारला आणि हसू थांबले. हातातला पत्रा पुढे करून तो म्हणाला, “मामा, ह्याला आपल्यात काय म्हणतात? बाबा कायतरी म्हणायचे, मला आठवेना झालंय.”

हॉट रॉड म्हणजे काय, हे थोडक्यात सांगतो. फोर्ड कंपनीने १९३२ मध्ये सामान्य माणसाला परवडणारे आठ सिलिंडरांचे व्ही-८ इंजिन बाजारात आणले. दक्षिण कॅलिफोर्नियातील तरुण जुन्या, हलक्या फोर्ड गाड्या स्वस्तात घेत, त्यांची मडगार्डे आणि अनावश्यक भाग उतरवून टाकत, इंजिनात फेरफार करत आणि मुरॉकसारख्या कोरड्या सरोवरांच्या सपाट तळावर त्या भरधाव पळवत. १९३७ मध्ये तेथे त्यांची शर्यत-संघटना उभी राहिली. दुसऱ्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांनी या छंदाला उधाण आणले, आणि जानेवारी १९४८ मध्ये याच नावाचे मासिकही निघाले. फोर्डच्या एफ मालिकेतील पहिल्या पिकअप त्याच सालच्या. भाच्याच्या गाडीत मूळचे २३९ घनइंचांचे, शंभर अश्वशक्तीचे इंजिन होते. आता तिथे त्याहून मोठे बसणार आहे. मोठे इंजिन बसवायचे तर इंजिन आणि केबिन यांमधली पत्र्याची भिंत मागे सरकवावी लागते, आणि तशी भिंत कोणत्याही दुकानात मिळत नाही. ती हातानेच घडवावी लागते.

मात्र माझा बहुतेक वेळ त्या भिंतीपाशी गेला नाही; तो गेला केबिनच्या मागच्या खालच्या कोपऱ्यापाशी. मिशिगनमध्ये हिवाळ्यात रस्त्यावरचा बर्फ वितळावा म्हणून मीठ टाकतात. ते मीठ चाकांनी उडून गाडीच्या सांदीकोपऱ्यांत जाऊन बसते आणि पत्रा आतून खाते. जुन्या पिकअपचे हे कोपरे बोटाने दाबले तरी भोक पडावे इतके कुजलेले असतात. तयार कोपरे बाजारात मिळतात. पण शेजारी राहणारे एक वृद्ध गृहस्थ, ज्यांचा जन्म डाय बनवण्याच्या कारखान्यात गेला, त्यांचे म्हणणे असे की तयार तुकडाही शेवटी ठोकूनच जुळवायचा असतो, मग तो आपणच का करू नये? हे गृहस्थ रोज संध्याकाळी येत, एका उलट्या बादलीवर बसत, आणि भाच्याच्या हातातला हातोडा शक्यतो स्वतः घेत नसत. अशी माणसे उद्यमबागेतही मी पाहिली आहेत.

कोपरा कसा घडतो ते मी पाहिले. कुजलेला भाग कापून काढला. चांगल्या राहिलेल्या दुसऱ्या बाजूवरून पुठ्ठ्याचा नमुना घेतला. अठरा गेजचा, म्हणजे साधारण सव्वा मिलिमीटरचा, साधा पोलादी पत्रा त्या मापाने कापला. आता या सपाट पत्र्याला दोन्ही दिशांनी गोलाई द्यायची. एका दिशेने वाकवणे सोपे. दोन दिशांनी वाकवायचे तर पत्र्याला कुठे ताणावे लागते आणि कुठे आखडावे लागते. ताणणे सोपे असते: वाळू भरलेल्या चामडी पिशवीवर पत्रा ठेवून लाकडी हातोड्याने मध्यभागी ठोकले की तो खोलगट होतो, ताणतो, पातळ होतो. आखडणे हे खरे कसब. त्यासाठी कडेला पत्र्याची घडी उभी करतात आणि ती घडी निसटू न देता टोकाकडून मुळाकडे ठोकत तिच्यातच जिरवतात. कड आखूड होते, पत्रा तिथे जाड होतो, आणि गोलाई आपसूक येते.

त्या घडीचा शब्द भाच्याला हवा होता. दाजींच्या शेडमध्ये तिला चुणी म्हणत. नेसत्या लुगड्याची जी चुणी, तीच ही. पत्र्याला चुण्या घालायच्या आणि त्या जिरवायच्या. भाच्याने लगेच भिंतीवर लावलेल्या कागदावर खडूने ‘चुणी’ असे लिहिले, आणि त्या दिवसापासून तो कागद भरू लागला.

मग एकामागून एक शब्द येत गेले. आकार आल्यावर पत्र्यावरचे उंचसखल घाव हलक्या, जवळजवळ पडणाऱ्या ठोक्यांनी एकसारखे करायचे, हे ‘मठारणे’. हा शब्द मी दाजींकडून ऐकलेला. पण तो मूळचा तांबटांचा. पुण्याच्या कसबा पेठेतील तांबट आळीत आजही तांब्याच्या भांड्यांवर मठारकाम चालते. त्या चकचकीत ठशांची नक्षी आपण शोभेसाठी म्हणून विकत घेतो, पण तिचे पहिले काम भांड्याला बळकटी देण्याचे. ठोक्याखाली धातू कठीण होतो, हे तांबटाला धातुशास्त्राचे पुस्तक न उघडता ठाऊक होते. डेट्रॉईटच्या गॅरेजमधला पत्राही मठारता मठारता असाच ताठर होई, आणि फार ताठर झाला की फुटू नये म्हणून त्याला पुन्हा ‘ताव’ द्यावा लागे, म्हणजे लालभडक तापवून सावकाश निवू द्यावे लागे. मठारताना पत्र्याच्या मागे हातात लोखंडी ठोकळा धरतात. हातोडा नेमका ठोकळ्यावर पडला तर ‘ठण्ण’ असा आवाज येतो, बाजूला पडला तर ‘ठप्प’. शेजारचे गृहस्थ पाठ फिरवून बसलेले असले तरी आवाजावरून चूक सांगत. दाजीही सांगत.

भिंतीवरच्या कागदात ‘पत्रा’ हा शब्द लिहावा की नाही, यावर आमचा थोडा वाद झाला. भाच्याला तो फारच साधा वाटला. मला तसे वाटत नाही. पत्र म्हणजे पान. ठोकून पानासारखा पातळ केलेला धातू तो पत्रा. त्याचा सख्खा शेजारी ‘तगड’. कन्नडमध्ये धातूच्या पत्र्याला ‘तगडु’ म्हणतात, तमिळमध्येही त्याच्याच रूपाचा शब्द आहे. उद्यमबागेतल्या शेडमध्ये एक कारागीर ‘पत्रा आण’ म्हणे आणि दुसरा ‘तगडु’ म्हणे, आणि दोघांच्या हाती एकच वस्तू येई. त्याच शेडमधला ‘मेस्त्री’ हा शब्द पोर्तुगीजांकडून आलेला, ‘पोलाद’ फारसीतून, ‘वेल्डिंग’ इंग्रजीतून. माझ्या मते यात मराठीचे काहीही हरवलेले नाही. ज्याच्या हाताखाली चार भाषांची माणसे काम करतात, त्या मेस्त्रीची मराठी अशीच असणार.

इथे एक गोष्ट आडवळणाने सांगायला हवी. महाराष्ट्रातील औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत फिटरला ‘जोडारी’, टर्नरला ‘कातारी’ आणि वेल्डरला ‘संधाता’ म्हणतात. जोडारी आणि कातारी हे शब्द उत्तम आहेत. ‘जोडणे’ आणि ‘कातणे’ त्यांत स्वच्छ ऐकू येते. संधाता मात्र प्रमाणपत्रावरच राहिला. दाजींच्या शेडमध्ये कुणी ‘संधात्याला बोलवा’ म्हटल्याचे मला आठवत नाही, आणि म्हटले असते तर कुणी आलेही नसते. हॉट रॉडवाल्यांच्या इंग्रजीकडे पाहिले म्हणजे फरक कळतो. छप्पर कापून खाली आणण्याला ते ‘चॉप’ म्हणतात, म्हणजे नुसते तोडणे. दाराच्या मुठी आणि बिल्ले काढून पत्रा सपाट करण्याला ‘शेव्ह’, म्हणजे दाढी करणे. घरातली क्रियापदे उचलून त्यांनी कामाला लावली. आमच्या चुणीचे नेमके तेच झाले आहे. फरक इतकाच की त्यांचे शब्द मासिकांत छापले गेले, आणि आमचे शेडच्या बाहेर आले नाहीत.

सर्वांत अधिक आनंद मला कल्हईने दिला. वेल्डिंगच्या सांध्यावर उरलेला खोलगटपणा भरण्यासाठी हल्ली लांबीसारखे रासायनिक लुकण वापरतात. जुन्या पद्धतीत तिथे शिसे भरत. तीस भाग कथील आणि सत्तर भाग शिसे यांच्या कांड्या असतात. पण शिसे नुसत्या लोखंडाला धरत नाही. आधी पत्रा घासून स्वच्छ करायचा, त्यावर क्षार लावायचा, आच द्यायची आणि कथलाचा पातळ थर कापडाने पुसून पसरवायचा. तो थर चंदेरी चमकला की मगच त्यावर मिश्रधातूची कांडी मऊ करून लाकडी पट्टीने लोणी फासावे तशी फासायची. हे पाहताना मी मोठ्याने म्हणालो, “अरे, ही तर कल्हई!” आमच्या गल्लीत भाता घेऊन बसणारा कल्हईवाला नवसागराची चिमूट टाकून पांढऱ्या धुराच्या लोटात पातेले असेच पुसून काढी. नवसागर, कथील, डाख, झाळणे हे सारे शब्द एका दमात भिंतीवर गेले. शिशाची पूड श्वासातून जाणे घातक, म्हणून ते घासकागदाने न घासता कानशीने काढतात. ‘कानस’ हा शब्द मात्र भाच्याला न सांगता आठवला.

गाडीच्या भागांची नावे तर त्याला आपोआप येत होती, कारण ती रस्त्यावरची आहेत: मडगार्ड, पायदान, मागचा हौदा, हौद्याचा फाळका. ऊसवाहू ट्रॉलीचा फाळका जसा साखळीवर पडतो, तसाच या अमेरिकन पिकअपचाही पडतो.

एक अडचण शेवटपर्यंत राहिली होती. कोपरा वेल्ड करून बसवला, टाके दूरदूर, थांबत थांबत घातले, तरी आचेने सांध्याची रेघ आखडली आणि तिच्या वरचा सपाट भाग सैल पडला. अंगठ्याने दाबला की तो टक्‌ करून आत जाई, सोडला की बाहेर येई. तेलाच्या डब्याचा तळ असतो तसा. इंग्रजीत त्याला तेलाच्या डब्यावरूनच नाव आहे. मराठी शब्द मलाही ठाऊक नव्हता. भाचा हातोडा घेऊन त्या सैल भागावर मारणार, तेवढ्यात बेळगावहून अक्काचा नेहमीचा फोन आला. त्याने फोन पत्र्याजवळ धरून तो टक्‌टक्‌ आवाज आईला ऐकवला. तीस वर्षे शेडमध्ये जेवणाचा डबा पोचवणाऱ्या माझ्या बहिणीने क्षणाचाही विचार केला नाही.

“रुसलाय की तो,” ती म्हणाली. “तुझे बाबा रुसलेला पत्राच म्हणायचे. रुसलेल्यावर हातोडा मारायचा नाही, आणखी फुगतंय. भोवतीनं मारायचं. जिथं डाग दिलाय तिथं.”

शेजारच्या गृहस्थांना भाच्याने हे इंग्रजीत सांगितले. ते बादलीवरून उठले, सांध्याच्या रेघेवरून बोट फिरवले आणि मान हलवली. आखडलेली रेघ ठोकून ताणली की मधल्या पत्र्याला पसरायला जागा मिळते, हा त्यांचाही अनुभव होता. भाच्याने मागे ठोकळा धरला आणि वेल्डच्या रेघेवर एका टोकापासून मठारायला सुरुवात केली. ठण्ण, ठण्ण, मधूनच एखादा ठप्प. अक्का फोनवर ऐकत होती. तिसऱ्या फेरीनंतर त्याने अंगठ्याने दाबून पाहिले. पत्रा हलला नाही. कागदावर खाली जागा उरली नव्हती, म्हणून ‘रुसणे’ हा शब्द त्याने कागदाच्या बाहेर, भिंतीवरच लिहिला. अजून उजवीकडचा कोपरा कापायचा होता.