काकांच्या बाहीतली सोंगटी

पाहून झालेली मालिका पुन्हा पाहायला बसलं, की घरातलं कोणीतरी म्हणतंच, "परत तेच? शिळ्या कढीला ऊत!" तुमच्याही घरी म्हणत असतील. पण दोस्तांनो, कीर्तनाला बसलेल्या माणसांना आख्यानाचा शेवट आधीपासून ठाऊक असतो. तरी ती जागची हलत नाहीत. आजीची गोष्ट तर आपण कितीदा ऐकलेली असते! तिनं एक शब्द इकडचा तिकडे केला, तर "असं नव्हतं गं!" म्हणून आपणच तिला अडवतो. शेवट कळला म्हणजे गोष्ट संपली, असं काही नसतं.

या सुट्टीत मी आणि माझी सातवीतली भाची, आम्ही दोघींनी मिळून 'अवतार : द लास्ट एअरबेंडर' ही कार्टून मालिका दुसऱ्यांदा पाहिली. मायकेल डान्टे डिमार्टिनो आणि ब्रायन कोनिएट्झको या दोघांनी ती निर्माण केली. अमेरिकेत निकेलोडियन वाहिनीवर ती २००५ ते २००८ या काळात दाखवली गेली. पाणी, पृथ्वी आणि अग्नी अशी तिची तीन पर्वं आहेत, आणि भाग एकूण ६१. ज्यांनी ती अजून पाहिलेली नाही, त्यांनी आधी मालिका पाहावी आणि मग हा लेख वाचावा. कारण पुढे मी सगळी गुपितं फोडणार आहे!

मालिकेतल्या जगात काही माणसांना पाणी, माती, अग्नी किंवा वारा आपल्या हालचालींनी हवा तसा वळवता येतो. ही चारही तत्त्वं ज्याला वश होतात, तो 'अवतार'. शब्द आपल्या संस्कृतातलाच. हा अवतार म्हणजे आंग नावाचा बारा वर्षांचा मुलगा. तो शंभर वर्षं बर्फात गोठून राहतो, आणि तेवढ्या काळात अग्निराष्ट्रानं साऱ्या जगाशी युद्ध मांडलेलं असतं. कटारा आणि सोका ही भावंडं त्याला बर्फातून बाहेर काढतात. मग त्यांच्या पाठीमागे लागतो अग्निराष्ट्राचा हद्दपार केलेला राजपुत्र झुको. वय सोळा, डाव्या डोळ्याभोवती भाजल्याचा मोठा व्रण, आणि नाकावर सदैव राग. त्याच्यासोबत असतात त्याचे थोरले काका, आयरो.

पहिल्यांदा पाहताना आम्ही आयरोकाकांना नुसत्या हसत होतो. पोट सुटलेलं, हातात चहाचा पेला. पुतण्या अवताराला पकडायला धावतोय आणि हे म्हणतात, बाळा, थोडा चहा घे! पहिल्या पर्वाच्या नवव्या भागात तर कमालच होते. त्यांची खेळातली एक सोंगटी हरवते. कमळाचं चित्र असलेली. तेवढ्यासाठी ते चक्क जहाज मागे फिरवायला लावतात. झुको संतापतो. काका शांतपणे सांगतात, की बहुतेक खेळाडूंना ही सोंगटी बिनमहत्त्वाची वाटते, पण माझ्या डावात तिच्यावाचून चालत नाही. आणि भागाच्या शेवटी ती सापडते कुठे? त्यांच्याच बाहीत!

आम्ही हसलो आणि विसरून गेलो. पुढे दुसऱ्या पर्वात, वाळवंटातल्या एका गावात, काका हीच सोंगटी पटावर ठेवतात आणि समोरचा माणूस त्यांना ओळखतो. तेव्हा कळतं, की पांढरं कमळ ही एका गुप्त संघाची खूण आहे. आणि मालिकेच्या शेवटी याच संघातली म्हातारी माणसं अग्निराष्ट्राच्या ताब्यातलं बा सिंग से हे प्रचंड शहर सोडवतात. दुसऱ्यांदा पाहताना नववा भाग आला, तशी भाची उशी फेकून ओरडली, "मावशी, बघ! त्यांनी तर तेव्हाच सांगितलं होतं!" खरंच सांगितलं होतं. ऐकायला आम्ही तयार नव्हतो, कारण विनोदी दिसणाऱ्या माणसाचं बोलणं कोण मनावर घेतो?

काकांचा आणखी एक प्रसंग आहे. बा सिंग से शहरातला त्यांचा एक दिवस. बाजारात ते टोपली घेतात आणि दुकानदाराला म्हणतात, आज खास दिवस आहे. रडणाऱ्या एका लहानग्याला गाणं म्हणून हसवतात. लुटायला आलेल्या माणसाला चार समजुतीच्या गोष्टी सांगतात. आणि संध्याकाळी टेकडीवरच्या झाडाखाली आपल्या मुलाचं चित्र ठेवून तेच गाणं रडत म्हणतात. त्यांचा मुलगा लढाईत गेलेला असतो, आणि तो दिवस त्याच्या वाढदिवसाचा असतो. पहिल्या वेळी हे सगळं अगदी शेवटी कळतं. दुसऱ्या वेळी टोपली घेतल्यापासूनच आपल्याला माहीत असतं. दिवसभर हा माणूस मनात एवढं दुःख घेऊन लोकांना मदत करत फिरतोय, हे माहीत असताना ते हसरं गाणं ऐकवत नाही. काकांना आवाज देणारे अभिनेते माको २००६ साली वारले. तो प्रसंग त्यांच्याच स्मृतीला अर्पण केला आहे.

आता झुको. पहिल्यांदा पाहताना भाचीनं त्याला 'दुष्ट' या रकान्यात टाकून दिलं होतं. बाराव्या भागात समजतं, की तेरा वर्षांचा असताना तो भर सभेत बोलला होता. नव्या, कोवळ्या सैनिकांना मुद्दाम मरायला पुढे पाठवणार होते, ते त्याला पटलं नाही म्हणून. त्याबद्दल त्याच्या बापानंच त्याचं तोंड भाजलं आणि त्याला देशाबाहेर काढलं. त्याच भागात वादळ येतं. अवतार समोरून उडत जाताना दिसतो, आणि झुको म्हणतो, जाऊ दे त्याला, आधी जहाज वाचवा. ज्याच्यासाठी तो जग पालथं घालतोय, त्यालाच तो सोडून देतो, आपल्या माणसांसाठी!

इथे मला आपली म्हण आठवली : मुलाचे पाय पाळण्यात दिसतात. भाचीलाही ती पटली. पण दुसऱ्या पर्वाच्या शेवटाशी आम्ही पोचलो आणि म्हण लंगडी पडली. तोवर झुको बराच बदललेला असतो. काकांचं ऐकून त्यानं आंगचा पकडलेला रेडा-उडता, लाडका आप्पा सोडूनही दिलेला असतो. आता हा चांगल्या बाजूला येणार असं वाटतं, आणि नेमका त्याच क्षणी तो बहिणीच्या, अझुलाच्या बाजूनं उभा राहतो. पहिल्या वेळी भाची चिडून उठून गेली होती. "एवढ्या खुणा दाखवल्या, मग हा असा का वागला?"

दुसऱ्या वेळी ती उठली नाही. म्हणाली, "मावशी, दुसऱ्यापण खुणा होत्या ना. तो सारखा मान, मान करतो. बाबांनी घरी घ्यावं म्हणून तळमळतो. आपल्याला चांगल्या खुणा आवडल्या, म्हणून आपण तेवढ्याच मोजल्या."

मला तिचं हे म्हणणं फार मोलाचं वाटलं. पाळण्यात पाय दिसतात खरे, पण ते कुठल्या वाटेनं जातील हे दिसत नाही. गोष्टीतली खूण एवढंच सांगते, की हा माणूस असंही करू शकतो. प्रत्यक्षात काय करायचं, ते त्याला त्या त्या वेळी ठरवावं लागतं. तिसऱ्या पर्वात झुको बापासमोर उभा राहून त्याला सोडून जातो, ते कोणी भाकीत केलं होतं म्हणून नव्हे. आधी चुकीची निवड करून, मनासारखं सगळं मिळवून, तरी झोप न लागल्यावर तो जातो.

अझुलाचंही तसंच. दुसऱ्या पर्वाच्या पहिल्याच भागात ती विजेचा सराव करते. सगळं बिनचूक होतं, फक्त एक केस जागचा हललेला असतो. तेवढंही तिला चालत नाही. शेवटाकडे एकटी पडलेली अझुला आरशासमोर बसून आपलेच केस वेडेवाकडे कापते. आधीचा तो एक केस आठवला, की तिची भीती वाटायच्या ऐवजी कीव येते. या मुलीला 'थोडं चुकलं तरी चालेल' असं कोणीच म्हणालं नसेल का? झुकोला ते म्हणणारे काका होते. दोघं एकाच घरातली, पण फरक पडला तो इथे.

तुम्हीही एखादी आवडती मालिका पुन्हा पाहा. जवळ वही ठेवा आणि दोन रकाने आखा : एकात 'काय केलं', दुसऱ्यात 'तेव्हा त्याच्या मनात काय असेल'. पहिला रकाना भराभर भरतो. दुसऱ्यासाठी थांबावं लागतं. आई-बाबांनाही शेजारी बसवा. युद्धाचे, मरणाचे प्रसंग येतात, तेव्हा बोलायला मोठं माणूस जवळ असलेलं बरं. शिवाय आपल्याला न दिसलेली खूण त्यांना दिसते, आणि त्यांना न दिसलेली आपल्याला.

भाचीच्या वहीत आता एक पान मालिकेबाहेरचं आहे. तिच्या वर्गातल्या, सगळ्यांशी भांडणाऱ्या एका मुलीचं. पहिला रकाना गच्च भरलाय. दुसऱ्यात अजून फक्त एक प्रश्नचिन्ह आहे. शाळा उघडली, की तिच्या शेजारच्या बाकावर बसून बघणार आहे म्हणाली.