आजी तिसऱ्यांदा वारली!

सकाळी सव्वाआठला बॉसच्या मोबाइलवर मेसेज पडतो. ‘सर, ताप आहे, आज येत नाही.’ ताप खराच असतो हो, फक्त तो आपल्याला नसतो. पाळणाघरानं परत पाठवलेल्या पिल्लाला असतो, नाहीतर सासूबाईंना. पण ‘सासूबाई आजारी’ म्हटलं की कपाळावर आठी, आणि ‘मी आजारी’ म्हटलं की ‘टेक केअर’! मग का नाही खोटं बोलणार? काही ऑफिसांत तर एकाच माणसाची आजी तीन-तीनदा वारलीय.

माझी एक मैत्रीण हिंजवडीत टीम लीड आहे. तिच्या टीममधल्या एका मुलाच्या आईचं डायलिसिस सुरू झालं. आठवड्यातून तीनदा, दर वेळी साधारण चार तास. दोन वाऱ्या बहीण करते, बुधवारची याची. शिवाय अचानक बीपी घसरलं की पळापळ वेगळीच. वर्षाअखेरीस एचआरच्या रिपोर्टमध्ये या मुलाचं नाव लाल रंगात!

या लाल रंगामागे ‘ब्रॅडफर्ड फॅक्टर’ नावाचं एक गणित असतं. तुम्ही किती वेळा गैरहजर राहिलात त्या आकड्याचा वर्ग करायचा आणि एकूण दिवसांनी गुणायचं. म्हणजे सलग १० दिवस दांडी मारली, तर स्कोअर फक्त १०. पण सुटे सुटे १० दिवस घेतले की थेट १०००! मला तर हे गणित चक्क उलटं वाटतं. घरची माणसं काय सलग आजारी पडतात? ती मंगळवारी पडतात, मग पुढच्या गुरुवारी.

कायद्याचीही गंमतच आहे. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने आणि आस्थापना कायद्यानं वर्षाला ८ कॅज्युअल लीव्ह दिल्यात. आई-वडिलांना सांभाळणं मुलांवर बंधनकारक करणारा कायदा २००७ मध्येच आला, पण खासगी नोकरीत त्यासाठी वेगळी रजा द्यायला कुठलाच कायदा सांगत नाही. जपानमध्ये सेवेची गरज असलेल्या प्रत्येक नातेवाइकामागे ९३ दिवसांची रजा कायद्यानं मिळते.

मैत्रिणीनं आधी त्या मुलाची बुधवारची शिफ्ट दुपारी दोन ते रात्री दहा केली. अमेरिकेचे कॉल्स तसेही संध्याकाळीच असतात. मग एचआरशी भांडून ती ‘गैरहजेरी’ नव्हे, ‘शिफ्ट बदल’ म्हणून नोंदवून घेतली.

झालं! टीममधला एक बॅचलर कुरकुरला, ‘आमची आई ठणठणीत आहे हा आमचा गुन्हा का? शुक्रवारची रिलीज दर वेळी आमच्याच गळ्यात?’

मुद्दा बरोबर होता, आणि तो तिला आवडलाही. कारण लग्न-मुलं नसलेल्यांच्या वेळेला किंमतच नसते, असं बऱ्याच ऑफिसांत गृहीत धरलेलं असतं. तेव्हा तिनं नियम सगळ्यांनाच लावला. पंधरा दिवसांतून एक शिफ्ट आपापसांत बदला, आदल्या दिवशी संध्याकाळपर्यंत कळवा, कारण कोणी विचारणार नाही. अचानकच्या पळापळीवर मात्र तिच्याकडेही तोडगा नाही. त्या दिवशी काम उरलेल्यांवर पडतंच.

पहिल्या दोन महिन्यांत सगळ्यात जास्त शिफ्ट कोणी बदलल्या, ठाऊक आहे? त्या बॅचलरनं! कशासाठी, ते विचारायचं नाही असं ठरलंय म्हणून तिनं विचारलेलं नाही. मला मात्र जाम उत्सुकता आहे.